हिरवळीखालची भूमी

कोणत्याही कामाचा जो भाग डोळ्यांस दिसतो त्याची मनुष्यास हौस असते, आणि जो दिसत नाही त्याचा त्यास कंटाळा असतो. घर बांधणारा गृहस्थ भिंतीच्या रंगाविषयी जितका विचार करतो तितका पायाविषयी करीत नाही. पायाची काळजी गवंड्याने वाहावी अशी त्याची समजूत असते. हा दोष इतका सार्वत्रिक आहे की, त्यास दोष म्हणावे की मनुष्यस्वभाव म्हणून सोडून द्यावे, असा संभ्रम पडतो. तथापि गेल्या वर्षभरात माझ्या घरामागील अंगणाने या दोषाचे जे फळ माझ्या पदरी घातले, त्यावरून बागकामाच्या पलीकडचा एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. वाईट म्हणून जे उपटून टाकावयाचे, ते खरोखर वाईट आहे हे ठरविण्याचा अधिकार कोणास, आणि कोणत्या अटीवर, हा तो प्रश्न होय. तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकवीत असल्यामुळे तो माझ्या वाचनात अनेकदा आला होता. परंतु हातात कुदळ घेईपर्यंत तो माझ्याविषयी आहे असे मला कधी वाटले नव्हते.

हकीकत साधी आहे. सटाण्यास आमचे वडिलार्जित घर आहे आणि त्याच्या मागे चाळीस फूट लांब व पंचवीस फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. माझी मुलगी पुण्यास असते. तिचा मुलगा नुकता धावू लागला आहे, आणि सुट्टीत येथे आला की तो या जागेत पडून गुडघे फोडून घेतो. त्याच्यासाठी तेथे हिरवळ करावी असे मनात आले. हल्ली हिरवळ उगवावी लागत नाही. ती विकत मिळते. रोपवाटिकेतून गवताच्या तयार लाद्या, मातीच्या बोटभर थरासह, सतरंजीसारख्या गुंडाळून येतात आणि जमिनीवर एकास एक लावून अंथरल्या म्हणजे दोन प्रहरांत उकिरड्याचे उपवन होते. गेल्या दसऱ्याच्या सुमारास मी तसेच केले. जागेत गवत माजले होते ते वरच्यावर कापविले, खड्डे मातीने बुजविले आणि लाद्या अंथरविल्या. शेजारचे लोक पाहावयास आले. दिवाळीत नातू त्यावर लोळला. माझा आनंद कार्तिक संपेपर्यंत टिकला.

पुढे काय झाले ते कोणत्याही शेतकऱ्याने मला आधीच सांगितले असते. पाणी रोज घालीत होतो, तरी माघात लाद्यांच्या कडा पिवळ्या पडल्या. त्यांच्या सांध्यांतून हरळीचे कोंभ भाल्यासारखे वर आले. आणि होळीच्या आसपास एके दिवशी एक लादी कडेस धरून उचलून पाहिली तो ती सबंधच्या सबंध हातात आली. तिच्या खालच्या अंगास मुळ्या होत्या. परंतु त्या खाली न जाता आडव्या पसरून एकमेकींत गुंतल्या होत्या. खालची जमीन जशीच्या तशी होती, गुळगुळीत आणि कठीण. पाच महिन्यांत त्या गवताचा आणि त्या भूमीचा परिचयदेखील झालेला नव्हता.

प्रथम मी जमिनीस दोष दिला. मग तिची थोडी चौकशी केली. चांगल्या मातीत, तिच्या आकारमानाचा जवळजवळ अर्धा भाग पोकळ असतो. मातीच्या कणांमधील त्या पोकळीत हवा व पाणी राहते आणि तीतूनच मुळी वाट काढते. जमिनीवर भार पडत गेला की ही पोकळी नाहीशी होते. मग पाणी मुरत नाही, वरून वाहून जाते; हवा नाही म्हणून गांडूळ राहत नाही; आणि मुळीस जावयाचे असले तरी वाट नसते. डार्विनसारख्या थोर पुरुषाने आपल्या आयुष्याचे शेवटचे पुस्तक, जे १८८१ साली प्रसिद्ध झाले, ते गांडुळांवर लिहिले. इंग्लंडातील पुष्कळ ठिकाणी दर एकरी वर्षास दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन वर येते असा त्याचा हिशेब होता. ज्याने जीवसृष्टीच्या उत्पत्तीचा विचार केला त्यास पायाखालचा हा नांगरही विचार करण्याजोगा वाटला. माझ्या अंगणात पहारीने वीतभर खणले तेव्हा एकही गांडूळ निघाले नाही. निघाला तो मुरूम.

हा मुरूम कोठून आला हे आठवले तेव्हा जमिनीस दिलेला दोष मला परत घ्यावा लागला. तो माझ्या वडिलांनी घातला होता. आमचे घर शेतकऱ्याचे. त्या काळी मागील अंगण म्हणजे घराचे एक अवजारच होते. त्यावर धान्य वाळत पडे, मिरच्या पसरत, उन्हाळ्यात कुरडया-पापड होत. त्यासाठी जमीन कठीणच हवी होती. म्हणून वडील मुरूम पसरून, पाणी शिंपडून ती चोपण्याने चोपून घेत, आणि आई आठ दिवसांनी ती शेणाने सारवी. सुगीत सांडलेला दाणा वेचून घेता यावा इतकी ती स्वच्छ असे. पुढे वडील गेले, आई गेली; सारवण थांबले; मी त्या जागेवर आधी विटा-वाळू टाकली, मग मोटार उभी करू लागलो. जमीन कठीण झाली ती तिच्या स्वभावाने झाली नाही. एका पिढीने तिच्याकडून कठीणपणा मागितला आणि तिने तो दिला. दुसऱ्या पिढीने काही न मागता तिच्यावर भार घातला आणि तिने तोही सोसला. आता तिच्याकडून मऊपणाची अपेक्षा करणाराने, तिला पूर्वी काय काय करावयास लावले होते याची आठवण ठेवावी हे न्यायाचे होते.

चैत्रात मी पुन्हा आरंभ केला. या खेपेस आमच्या आळीतील एका म्हाताऱ्या बाईंस मजुरीने बोलाविले. दुसऱ्यांच्या शेतांत निंदणी-खुरपणी करण्यात त्यांचा जन्म गेला आहे. त्या आल्या, त्यांनी टाचेने जमीन दाबून पाहिली आणि आज काम व्हावयाचे नाही असे सांगून परत गेल्या. कोरडी भारी जमीन दगडासारखी असते. तीत कुदळ मारली तर माणूस थकतो आणि ढेकळाखेरीज काही निघत नाही. ओली असताना खणली तर ती लोण्यासारखी कापली जाते खरी, पण वाळल्यावर तिच्या विटा होतात आणि ती पूर्वीपेक्षा अधिक बिघडते. आधी पाणी सोडावयाचे, ते मुरू द्यावयाचे, आणि माती मुठीत दाबली असता गोळा व्हावी व बोट लावताच तो गोळा फुटावा, अशा अवस्थेची वाट पाहावयाची. या अवस्थेस आपल्या भाषेत वाफसा म्हणतात. इंग्रजी नीतिशास्त्रावरील ग्रंथांत योग्य काळ, योग्य प्रमाण यांविषयी मी कितीतरी पाने वाचली आहेत. अॅरिस्टॉटलचा मध्यममार्ग मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला आहे. परंतु सुधारणेची वेळ सुधारकाच्या उत्साहावरून ठरत नाही, जिची सुधारणा करावयाची तिच्या अवस्थेवरून ठरते, ही गोष्ट इतक्या थोड्या अक्षरांत सांगणारा शब्द मला त्या ग्रंथांत आढळला नाही.

वाफसा आल्यावर चार दिवस खणणे झाले. मुरमाचा थर फोडून काढला, वीतभर माती मोकळी केली, आणि हरळीच्या मुळ्या हातांनी वेचून उन्हात टाकल्या. हरळी कापून मरत नाही. तिची मुळी जमिनीखाली गाठीगाठीने धावते आणि तुटलेल्या प्रत्येक पेऱ्यातून नवी हरळी उभी राहते. कुदळीने तिचे तुकडे करणे म्हणजे तिची लागवडच करणे होय. तिला वर काढून वैशाखाच्या उन्हात वाळविणे हाच तिच्यावर उपाय, आणि म्हणूनच शेतकरी उन्हाळी नांगरट करतात. लव्हाळ्याची तऱ्हा याहून कठीण. त्याची वरची पात सहज उपटून येते आणि उपटणारास समाधान होते. परंतु त्याचा काळा गड्डा खाली सुखरूप असतो.

माझ्या एका सहकाऱ्याने या श्रमांस हसून तणनाशक फवारण्याची सूचना केली. अशा औषधांपैकी ग्लायफोसेट नावाचे एक अतिप्रसिद्ध आहे; त्याचा वापर केवळ शिक्षित फवारणी-व्यावसायिकांकडूनच व्हावा असा निर्बंध भारत सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात घातला. ज्याच्या दहा एकरांत तण माजले आहे आणि ज्यास मजूर मिळत नाहीत, त्याने काय करावे हे माझ्यासारख्या पगारदाराने सांगू नये. मी फवारणी केली नाही. औषधाने पाहण्याची गरजच संपते, आणि आपल्या अंगणात काय उगवते आहे हे मला एकदा पाहावयाचे होते.

ते पाहिले नसते तर पुढील प्रसंग घडला नसता. पहिल्या पावसानंतर मोकळ्या केलेल्या जमिनीवर, जणू कोणी पेरावे तसे, दाट कोंभ आले. मातीत निजलेले बी किती काळ जगते याविषयी मिशिगन येथील विल्यम बील नामक वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली एक प्रयोग आरंभिला. त्याने एकवीस जातींच्या वनस्पतींचे बी वीस बाटल्यांत घालून जमिनीत पुरले, आणि ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बी पेरून पाहावे अशी व्यवस्था केली. तो गेला, त्याच्या मागून येणारेही गेले. २०२१ साली एक बाटली काढली तेव्हा एकशे बेचाळीस वर्षांनंतरही तीतील एका जातीचे बी उगवले. मग माझ्या अंगणात आमच्या दोन पिढ्यांचे बी जागे झाले यात आश्चर्य ते काय? तण उगवू द्यावयाचे, कोवळे असतानाच खुरपून टाकावयाचे, पुन्हा उगवू द्यावयाचे व पुन्हा खुरपावयाचे, असे दोनदा तरी केल्याशिवाय वर काही लावू नये असे ठरले, आणि त्या बाई पुन्हा आल्या.

त्या उकिडव्या बसून खुरपीत होत्या आणि मी त्यांच्या शेजारी बसून उपटीत होतो. मी एक लालसर देठाची, मांसल पानांची वेल उपटून ढिगावर फेकली. त्यांनी ती ढिगावरून परत उचलली, मुळाची माती झटकली, पदरात ठेवली आणि म्हणाल्या, “भाऊ, हाई गवत नही, हाई भाजी शे.”

ती घोळ होती. पाहतो तो त्यांच्या पदरात तांदुळजाही होता. ज्यास मी सकाळपासून एकाच नावाने तण म्हणत होतो, त्यातून त्या बाईंनी दोन माणसांचे एका वेळचे कालवण निवडून काढले होते.

या ठिकाणी एक सोपा सिद्धान्त सुचतो, आणि तो मलाही सुचला. सृष्टीत तण नावाची जात नाही. जे आपणांस नको त्या ठिकाणी उगवते त्यास आपण तण म्हणतो, एवढेच. याला पुष्टी देणारे उदाहरण हरळीहून चांगले कोणते मिळावे? जी मी वैशाखभर वेचून जाळली तीच दूर्वा. तिच्या एकवीस काड्यांची जुडी गणपतीस वाहावयाची. तिच्यासारखा वंश वाढावा म्हणून आशीर्वाद द्यावयाचा. आणि तीच शेतात दिसली की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडावयाची. इतकेच नव्हे, तर नव्या हिरवळीसाठी रोपवाटिकेत चौकशी करता मला ज्या गवताची शिफारस करण्यात आली त्याचे नाव बर्म्युडा. जगभरची क्रीडांगणे ज्याने आच्छादिली आहेत ते हे बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, आणि तिचे निवडून केलेले प्रकार. जी मी फुकट उपटून टाकली तीच इंग्रजी नावाने, वितीच्या मापाने, विकत घ्यावी असा प्रसंग माझ्यावर आला. तेव्हा तण काय आणि हिरवळ काय, सर्व नावाचा खेळ. ज्याच्या हातात खुरपे त्याची व्याख्या.

परंतु हा सिद्धान्त मला संध्याकाळपर्यंतदेखील टिकविता आला नाही. कुंपणाच्या कडेस गाजरगवत उभे होते. ते या देशात प्रथम पुण्यास १९५० नंतरच्या दशकात आढळले. परदेशी गव्हाबरोबर आले अशी लोकसमजूत आहे आणि म्हणून ते काँग्रेस गवत या नावानेही प्रसिद्ध आहे. त्याचे एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगास खाज सुटून कातडी फुटते, परागाने दमा वाढतो. जनावरे त्यास तोंड लावीत नाहीत. आणि जेथे ते माजते तेथे इतर गवत उरत नाही. १९८४ साली बंगळुरास मेक्सिकोहून त्याचे पान खाणारा भुंगा आणून सोडावा लागला. हे गवत त्या बाईंनी पदरात घेतले नाही. त्यांनी पदराचे टोक हातास गुंडाळून ते फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट ओढून काढले. तणाची व्याख्या केवळ मताची बाब असती, तर त्यांच्या हाताने हा भेद केला नसता.

म्हणजे भेद आहे. परंतु तो कोणत्या कसोटीवर करावयाचा? ख्रिस्ताच्या दृष्टान्तांत एक असा आहे की, गव्हात शत्रूने निदण पेरले असता धनी आपल्या चाकरांस ते उपटू देत नाही. उपटताना गहूही उपटला जाईल म्हणून सुगीपर्यंत दोन्ही वाढू द्या असे सांगतो. ही सहिष्णुता थोर आहे. तथापि तीत एक गोष्ट गृहीत आहे की, सुगीच्या वेळी निवड करणारा सर्वज्ञ आहे. आमची सुगी आम्हांसच करावयाची असते. आमच्यासारख्यांस दोन प्रश्न विचारता येतात. पहिला, ही वनस्पती आपल्या शेजाऱ्यांस जगू देते काय? घोळ देते, गाजरगवत देत नाही. दुसरा, मी हिला नीट ओळखतो काय, की माझ्या हिरवळीच्या चित्रात ती बसत नाही एवढ्यावरून तिचा निकाल लावीत आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वनस्पतीत शोधावयाचे असते, दुसऱ्याचे स्वतःत. आणि उपटणारे बहुधा दोहोंपैकी एकही विचारीत नाहीत.

त्या रात्री मला घोळीपेक्षा त्या बाईंच्या वाक्यातील ‘शे’ या शब्दाने अधिक अस्वस्थ केले. आमच्या बागलाणात आणि पलीकडे खानदेशात घरोघर अहिराणी बोलतात. माझी आई त्याच अंगणात त्याच भाषेत मला हाका मारी. शिकावयास बाहेर गेलो तेव्हा पहिल्या वर्षी माझ्या तोंडून एकदा ‘आहे’ऐवजी ‘शे’ निघाला आणि सोबती हसले; त्यानंतर मी तो शब्द असा उपटला की, आईशी बोलतानाही तो माझ्या तोंडी येईना. आपण शुद्ध झालो असे मला वाटले. आईस काय वाटले हे मी विचारले नाही.

पुढे मी अध्यापक झालो आणि तेच खुरपे माझ्या हातात आले. पुष्कळ वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या वर्गात मी सत्य बोलण्याविषयी एक प्रश्न घातला होता. मोसम खोऱ्यातील एका खेड्यातून आलेला मुलगा उत्तर देण्यास उभा राहिला. त्याचे उत्तर चांगले होते. आजही मला ते चांगले वाटते. आजारी माणसापासून सत्य लपविणारा त्याचे रक्षण करतो की त्याच्या वतीने निर्णय घेतो, अशा स्वरूपाचे काही तो बोलत होता. परंतु त्याच्या वाक्याच्या शेवटी ‘शे’ आला, आणि मी त्यास मध्येच थांबवून म्हणालो, “शे नव्हे, आहे.” वर्ग हसला. मीही थोडा हसलो असेन. त्याने वाक्य पुरे केले नाही. तो तीन वर्षे माझ्या तासांस नियमाने येत होता, परीक्षाही उत्तीर्ण झाला. परंतु वर्गात त्याने पुन्हा तोंड उघडले नाही.

त्या शब्दाने त्याच्या शेजारच्या कोणत्या विचारास जगू दिले नव्हते? आणि मी त्यास ओळखत होतो असेही नाही. ग्रिअर्सनने भारतीय भाषांची जी पाहणी केली तीत खानदेशी मराठीच्या खंडात नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या निराळ्या खंडात, भिल्लांच्या भाषांबरोबर तिला स्थान दिले आहे. ही वर्गवारी बरोबर की चूक याचा वाद विद्वानांनी करावा. परंतु जिच्या कुळाविषयी विद्वानांस एवढा विचार करावा लागला, तिला अशुद्ध मराठी म्हणून निकालात काढण्यास मला एक क्षण पुरला. प्रमाण मराठी त्या मुलास शिकविणे माझे कर्तव्य होते यात संशय नाही. तिच्यावाचून त्याचे अनेक दरवाजे बंद राहिले असते. परंतु वाक्य संपेपर्यंत थांबून, विचाराचे कौतुक करून, मग लेखनात असे लिहावे म्हणून सांगणे मला शक्य होते. मी वाफसा पाहिला नाही.

आणि जे उपटले त्या जागी मी काय लावले? तीस वर्षे मी टिपणे सांगितली आणि मुलांनी ती उतरून घेतली. कांट, मिल्ल, कर्तव्य, सुख यांच्या तयार लाद्या मी वर्षाच्या आरंभी अंथरीत गेलो, परीक्षेपर्यंत त्या हिरव्या राहिल्या, आणि परीक्षेनंतर कडेस धरून उचलताच सबंध हातात आल्या. खालच्या भूमीस, म्हणजे त्या मुलांच्या घरांतील भांडणांस, भाऊहिश्श्यांस, बहिणींच्या लग्नांस, पाण्याच्या पाळ्यांस, त्या विचारांचा स्पर्श झाला नाही; कारण त्या भूमीची भाषाच मी वर्गाबाहेर ठेवली होती. मुलांस विचार करता येत नाही अशी तक्रार आम्ही अध्यापक नेहमी करतो. ती तक्रार माझ्या होळीतल्या तक्रारीसारखीच होती.

हे माझ्या वर्गापुरते खरे असते तर ते मी मासिकात लिहिले नसते. १९४८ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ४ तारखेस घटनेचा मसुदा संविधानसभेपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी या देशास उद्देशून जो इशारा दिला त्यात उपमा शेतीचीच होती. येथील भूमी मुळात लोकशाहीस अनुकूल नाही आणि लोकशाही हा तिच्यावर वरून पसरलेला थर आहे, असा त्यांचा आशय होता. ज्यांनी हा थर पसरविण्यासाठी अहोरात्र श्रम केले त्यांनीच हे सांगावे, यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. त्यांनी थर घालू नये असे म्हटले नाही, जमीन तयार होईपर्यंत थांबावे असेही म्हटले नाही. परंतु खालचे काम झाले असे समजू नका, हे बजावले. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, असा वाद टिळक-आगरकरांच्या पिढीने घातला. तोही पुष्कळ अंशी लादी आधी की खणणे आधी असाच वाद होता. जातीचा अभिमान आमच्या भूमीतील हरळी आहे असे मी पूर्वी म्हटले असते. आता म्हणतो, तो लव्हाळा आहे. त्याची पात भाषणांत सहज उपटून येते आणि टाळ्या पडतात. गड्डा घरात, लग्नाच्या बोलण्यात आणि पाण्याच्या माठाजवळ असतो. येथे माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास विलंब लागत नाही, कारण जे शेजाऱ्यास जगू देत नाही ते तणच होय, मग ते कितीही प्राचीन असो. घोळीविषयीची दया गाजरगवतास लावणे हा उदारपणा नव्हे; ती न पाहण्याची दुसरी रीत आहे.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो माझ्या पत्नीने घेतला. सटाण्यासारख्या गावी, जेथे उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीचा आवाज ऐकत बसावे लागते, तेथे हिरवळ हवीच कशास? हिरवळीचा इतिहास पाहता या आक्षेपात बळ आहे. इंग्लंडात गवत कापण्याचे यंत्र एडविन बडिंगने १८३० साली काढले. तोवर विळ्याने कापून जी हिरवळ राखली जाई ती, ज्यांस जमिनीतून धान्य काढण्याची गरज नव्हती अशा श्रीमंतांची मिरासदारी होती. आमच्या बागलाणाची परंपरा याहून निराळी आहे. मोसम, आरम या नद्यांवर बंधारे घालून येथील शेतकऱ्यांनी शतकानुशतके फडपद्धतीने पाणी वाटून घेतले. बंधाऱ्याखालील शेती काही फडांत विभागलेली, आणि एकेकाची जमीन निरनिराळ्या फडांत असावयाची. ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी थोडेच फड भिजवावयाचे, म्हणजे टंचाई सर्वांच्या वाट्यास सारखी यावयाची. ज्यांच्या पूर्वजांनी पाण्याचा इतका न्याय सांभाळला त्यांच्या वंशजाने हजार चौरस फूट गवत पाजीत बसावे हे मलाही पटेना.

म्हणून मी जागेचे तीन भाग केले. एका भागात, नातवास लोळता येईल इतकीच, हिरवळ केली. तिला घरातील धुण्याचे पाणी देतो. शेणखत मिसळून, जमीन सपाट करून, हलकी दाबून, पाणी देऊन, मग श्रावणात लाद्या विटांच्या सांध्यांप्रमाणे मागेपुढे लावल्या आणि तळहाताने दाबून मातीस चिकटविल्या. दुसरा भाग पूर्वीसारखा चोपून कठीण केला. त्यावर या उन्हाळ्यात कुरडया घालावयाच्या आहेत. तिसऱ्या भागात काही लावले नाही. तेथे काय उगवते ते पाहावयाचे आहे. गाजरगवत तेवढे फुलण्यापूर्वी काढतो. त्या बाई येता-जाता तेथून भाजी खुडून नेतात.

भाद्रपदात एके सकाळी मी नव्या लादीची कडा धरून हलकेच उचलून पाहिली. ती उचलली गेली नाही. मी कडा पुन्हा दाबून बसविली आणि महाविद्यालयात गेलो. पहिल्या वर्षाच्या वर्गात त्या दिवशी आजारी माणसापासून सत्य लपवावे काय हाच प्रश्न घातला, आणि उत्तर ज्यास ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत द्यावे असे सांगितले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मी फळ्याकडे वळलो नाही व टिपणेही उघडली नाहीत. शेवटी मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली.